आधी शिवेवर जा

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता पाहिला. एकाच गावाच्या जंगलाचं क्षेत्र वनविभागाच्या नोंदीत एक, तलाठ्याच्या दप्तरात दुसरं, सामूहिक वनहक्काच्या (गावाने मिळून जंगल वापरायच्या आणि राखायच्या हक्काच्या) दाव्याला जोडलेल्या नकाशात तिसरं. आणि वनविकास महामंडळाच्या कक्षांची, म्हणजे जंगलाच्या क्रमांक दिलेल्या तुकड्यांची, बेरीज या तिन्हींत कुठेच बसत नाही. “यातला कोणाचा आकडा धरून जंगल राखण्याचा संयुक्त आराखडा लिहू, सर?” असं तू विचारलंस. कोणाचाच धरू नकोस. शिवेवर जा, आणि चौघांनाही बरोबर घेऊन जा.

मसुद्याच्या पहिल्याच पानावर तू लिहिलं आहेस की वाघाला सीमा कळत नाहीत. ते वाक्य काढून टाक. आपलं काम वाघाशी नाही, माणसांशी आहे, आणि माणसांना सीमा फार चांगल्या कळतात. कुणाचं अंदाजपत्रक कुठे संपतं, कुणाच्या वनरक्षकाची बीट कुठवर, आग लागली तर जाब कुणाला, हे सगळं त्या रेषेवर ठरतं. रेषेचं महत्त्व नाकारून संयुक्त काम होत नाही. रेषा नेमकी कुठे आहे हे सगळ्यांनी एकत्र पाहिलं, की मगच ती ओलांडून काम करता येतं.

आकडे का जुळत नाहीत, हेही समजून घे, म्हणजे कुणाला खोटं ठरवायच्या भरीस पडणार नाहीस. 1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची मालकी, गेली. गावाच्या निस्ताराच्या, म्हणजे सरपण-चराईच्या, जमिनी सरकारजमा झाल्या आणि पूर्व विदर्भात त्यातल्या कितीतरी महसूल दप्तरात झुडपी जंगल (खुरट्या झुडपांची जमीन) म्हणून राहिल्या. 1974 मध्ये वनविकास महामंडळ आलं आणि वनविभागाकडचे काही कक्ष तिकडे गेले. 1980 चा वनसंवर्धन कायदा आला. 12 डिसेंबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ म्हणजे काय याची व्याप्तीच वाढवली. 2006 मध्ये वनहक्क कायदा झाला. दर वेळी कागदावर एक थर चढला, आणि बहुतेक ठिकाणी जमिनीवर एकत्र कुणी गेलं नाही. भूमापक आपल्या टिपणावरून मोजतो, आपला वनविभागाचा माणूस कक्षाच्या नकाशावरून चालतो, गावकरी नाल्यावरून आणि मोहाच्या झाडांवरून सांगतो. तिघेही आपापल्या जागी खरं बोलतात. म्हणून शिवेवर जा म्हणतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या 22 मे 2025 च्या निकालाने झुडपी जंगल हे वनच आहे यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच निकालात अतिक्रमणं काढण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात एक पथक नेमायला सांगितलं आहे : उपविभागीय दंडाधिकारी, पोलीस उपअधीक्षक, सहायक वनसंरक्षक आणि भूमी अभिलेखचा तालुका अधिकारी. काढण्यासाठी इतके जण एकत्र उभे राहू शकतात, तर राखण्यासाठी का नाही? हा प्रश्न मी बैठकांत विचारत आलो. तूही विचार. उत्तर आलं नाही तर पुढच्या बैठकीत पुन्हा विचार.

आता तुझ्या मसुद्यातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट. ग्रामसभेसाठी तू शेवटी ‘सूचना’ असा एक रकाना ठेवला आहेस. वनहक्क कायद्याचे 2012 चे सुधारित नियम उघडून वाच. सामूहिक वनसंपत्तीचा आराखडा ग्रामसभेची समिती करते. तो वनविभागाच्या कार्य आयोजनेशी, म्हणजे जंगलात कधी काय करायचं याच्या त्यांच्या आराखड्याशी, जोडायचा असतो, आणि जोडताना जे फेरफार करायचे ते समितीला आवश्यक वाटतील ते. आराखड्याचा अधिकार गावाला दिला आहे, आणि तू त्याला शेवटच्या रकान्यात बसवतेस? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल 2011 उजाडला. एका यंत्रणेने हक्क मान्य केला म्हणून दुसरीची किल्ली आपोआप फिरत नाही. परवाना कोण देणार, निधी कुठून येणार, रोजगार हमीची कामं कोण मंजूर करणार, हे सगळं त्याच फेरीत, शिवेवर, गावासमोर बोलून घे. कार्यालयात परतल्यावर प्रत्येकाला आपापला कायदा आठवतो.

मला हटवादी म्हणत, हे तुझ्या कानावर आलंच असेल. संयुक्त पाहणीच्या नकाशावर सगळ्यांच्या सह्या नसतील तर मी आराखड्यावर सही करत नसे. त्यापायी कामं मागे पडली, निधी परत गेला, वरून पत्रं आली. एका उन्हाळ्यात दोन यंत्रणांच्या क्षेत्रांमधल्या झुडपीच्या पट्ट्यात जाळरेषा, म्हणजे आग अडवायला साफ केलेली पट्टी, कुणीच काढली नव्हती. सामाईक विहिरीचा गाळ जसा कुणीच काढत नाही, तसं. दोन्हीकडच्या नोंदींत ती शेजारच्याची होती. आग त्या पट्ट्यातून चढली आणि पाच-सहा वर्षं राखलेला बांबू गेला. ज्या गावाने तो राखला होता, त्याला भरपाई कुणी द्यायची यावरही मग तेच झालं. त्यानंतर माझी सही कुणाला सहज मिळाली नाही. उशीर झाला असेल, पण ज्या गावांत आम्ही एकत्र चाललो तिथे जाळरेषा कुणाची हा वाद परत आला नाही. सगळ्या गावांत चालणं झालं नाही, ही रुखरुख मात्र आहे. माझ्यामागून आलेल्यांनी थोडा वेळ दिला असता तर झालंही असतं.

पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या महामार्गावरचे भुयारी मार्ग तू बैठकीत उदाहरण म्हणून मांडणार आहेस. जरूर मांड. रस्त्याखालून वन्यप्राण्यांसाठी नऊ जागा ठेवल्या, त्यातली सर्वांत लांब 750 मीटरची, आणि वाघासकट बरीच जनावरं तिथून जाताना कॅमेऱ्यात आली. रस्तेवाले, वनवाले आणि वन्यजीव शास्त्रज्ञ एका नकाशावर आले म्हणून हे जमलं. पण भुयारातून बाहेर पडल्यावर पुढची जमीन कुणाची, आणि तिथे उद्या काय उभं राहणार, हेही विचार. व्याघ्र प्रकल्पाचा आराखडा कोअर (गाभा) आणि बफर (त्याभोवतीचा पट्टा) यांसाठी तपशिलात जातो. वाघांचा ये-जा करायचा संचारमार्ग मात्र प्रादेशिक वनविभाग, महामंडळ, महसूल, गावाचं जंगल आणि खासगी शेतं यांतून जातो. तिथेही उपाय तोच, पोरी. शिवेवर जा.

एवढं कर. 15 फेब्रुवारीला आगीचा हंगाम सुरू होतो, फेरी त्याआधी व्हायला हवी. तारीख ग्रामसभेला ठरवू दे, धानाची मळणी आटोपल्यावरची. वनरक्षक, तलाठी, भूमापक, महामंडळाचा माणूस, वनहक्क समितीचे लोक आणि गुरं चारणारे दोघे-तिघे असू देत. गावाच्या निस्तार हक्कांची नोंद असलेलं निस्तार पत्रक बरोबर ठेव. गावनकाशा, कक्षाचा नकाशा आणि दाव्याचा नकाशा, तिन्ही एकाच प्रमाणात काढून घे, म्हणजे एकावर एक ठेवता येतील. जिथे वाद असेल तिथे तो मिटवत बसू नकोस. वादाचा पट्टा वेगळ्या रंगाने दाखव आणि त्यातली जाळरेषा यंदा कोण काढणार तेवढं लिहून घे. सह्या तिथेच घे, झाडाखाली बसून. “कार्यालयात पाठवतो” असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

तो नकाशा आधी मला पाठव. मसुदा त्याच्याशिवाय आला तर मी वाचणार नाही.

तुझा,
सर