वडिलांनी दिलेलं आममुखत्यारपत्र आता चालणार नाही

प्रश्न: वडील 79 वर्षांचे, निवृत्त शिक्षक. 2016 मध्ये त्यांनी माझ्या नावे आममुखत्यारपत्र नोंदवून दिलं. पुढे डिमेन्शिया झाला. गेल्या दीड वर्षापासून ते आईलाही ओळखत नाहीत. बेसा इथला त्यांच्या नावचा प्लॉट मी मुखत्यार म्हणून चार महिन्यांपूर्वी सौद्यात दिला, इसारही घेतला. पुढच्या महिन्यात रजिस्ट्री आहे. अमरावतीची बहीण म्हणते, मला विचारलं नाही. रजिस्ट्री करू का? आणि पालकत्वाचा कागद कुठे मिळतो? (एक वाचक, मानेवाडा, नागपूर)

उत्तर: रजिस्ट्री लावू नका. बाकीचं त्यानंतर.

आई-वडिलांचा आजार बळावला की मुखत्यारपत्र कपाटातून बाहेर काढायचं, असं हेल्पलाइनवर फोन करणाऱ्या बहुतेक घरांत चालतं. पण भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 201 सांगतं की मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्याराचा अधिकार संपतो. नोंदणीकृत असलं तरी संपतो, आणि त्यात 'कायमस्वरूपी' असं लिहिलं असलं तरीही. देणाऱ्याचं भान गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र काही देशांत आहे. आपल्याकडे तशी सोय नाही.

दुय्यम निबंधकाकडे तुमच्याकडून एक घोषणापत्र घेतात. ते कोणी वाचत नाही, सह्या करून मोकळे होतात. तुम्ही नीट वाचा. मुखत्यारपत्र रद्द केलेलं नाही, देणारा मयत नाही, 'किंवा अन्य कोणत्याही कारणामुळे' ते रद्दबातल ठरलेलं नाही, असं तुम्ही तिथे लिहून देता. कथन खोटं निघालं तर नोंदणी कायदा, 1908 चं कलम 82 लागतं, त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वडिलांची स्थिती तुम्ही स्वतःच्या हाताने मला लिहून पाठवली आहे. मग ती सही कशी करणार? बहीण उद्या दिवाणी दावा टाकेल तेव्हा डॉक्टरांची फाइल मागवली जाईल, आणि त्यातल्या तारखा तुमच्या विरोधात बोलतील.

इसारपत्रालाही हाच दोष आहे. सौदा केला तेव्हा तुमचा अधिकार संपलेला होता, म्हणून करार कायद्याच्या कलम 235 खाली खरेदीदार तुमच्याकडून वैयक्तिक भरपाई मागू शकतो. त्याला खरी परिस्थिती सांगा, रक्कम परत करा, सौदा रद्द झाल्याचं लेखी घ्या. इसारपत्रात दुप्पट रक्कम परत करण्याची अट असेल तर ते कागद आधी वकिलाला दाखवा, न वाचता मी त्यावर मत देणार नाही.

डिमेन्शियाचं निदान झालं म्हणजे त्याच दिवशी माणसाची क्षमता गेली, असं मात्र नाही. कलम 12 प्रमाणे अधूनमधून भानावर येणारा माणूसही भानावर असताना करार करू शकतो. आजाराच्या सुरुवातीला वडिलांनी स्वतः, डॉक्टरांचा दाखला घेऊन, मुलीच्या समोर विक्रीपत्र केलं असतं तर आज हा प्रश्नच आला नसता. तब्येत नसती तर नोंदणी कायद्याच्या कलम 31 खाली दुय्यम निबंधकाला घरी बोलावता आलं असतं. ती दोन-तीन वर्षं तुम्ही मुखत्यारपत्राच्या भरवशावर घालवली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता पालकत्व. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या स्थानिक स्तर समितीकडे जाऊ नका. ती 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची आहे, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता असतो, त्याला प्लॉट विकता येत नाही. 1987 च्या जुन्या कायद्यात जिल्हा न्यायालय मिळकतीसाठी व्यवस्थापक नेमू शकत होतं. नवा कायदा 29 मे 2018 ला लागू झाला आणि ती सोय गेली, बदल्यात काहीच आलं नाही. आजारी माणसाच्या औषधांसाठी त्याचेच पैसे काढायला घरच्यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते, हे मला अन्यायाचं वाटतं. दिव्यांग हक्क कायदा, 2016 च्या कलम 14 मध्ये मर्यादित पालकत्व आहे. पण ते ठरावीक काळापुरतं आणि ठरावीक निर्णयापुरतं असतं, शिवाय त्या व्यक्तीच्या इच्छेने चालतं. तुमच्या वडिलांच्या अवस्थेत ते कितपत उपयोगी पडेल, याची खात्री मी देणार नाही.

म्हणून उरतो तो उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली अर्जाचा रस्ता. कोमातल्या रुग्णांसाठी केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, त्यांचा आधार वकील घेतात. न्यायालय साधारणपणे वैद्यकीय मंडळाचा अहवाल, मिळकतीची यादी आणि जवळच्या नातेवाइकांची संमती बघतं. पालक नेमल्यावरही विक्रीसाठी वेगळी परवानगी आणि हिशेब मागू शकतं. किती महिने लागतील ते बहिणीवर अवलंबून आहे. तिचं संमतीचं शपथपत्र सोबत असेल तर अर्ज सरळ चालतो. ती विरोधात उभी राहिली तर तारखांवर तारखा पडतील. या रविवारी अमरावतीला जा, सगळे कागद तिच्यासमोर ठेवा, आणि विक्रीच्या पैशातून वडिलांचा खर्च कसा भागवायचा ते दोघं मिळून लिहून काढा.

अर्जदार म्हणून आईचं नाव घाला. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. उच्च न्यायालय विधी सेवा उपसमिती, नागपूर इथे अर्ज करा, किंवा 15100 वर फोन लावा. तोवर करार कायद्याचं कलम 209 तुम्हाला मिळकत जपायला सांगतं. म्हणजे कर भरा, कुंपण सांभाळा, अतिक्रमण झालं तर तक्रार द्या. नवा व्यवहार मात्र एकही नको.

आई पूर्ण भानावर आहे ना? मग तिचं मृत्युपत्र, खात्यांची नामांकनं आणि 2017 च्या कायद्याखालचं उपचारांविषयीचं आगाऊ निर्देशपत्र याच महिन्यात करून घ्या. कोणाला काय द्यायचं ते तिला ठरवू द्या, त्या वेळी तुम्ही खोलीबाहेर थांबा.