वाचकांचे प्रश्न: लघवीच्या संसर्गावरची गोळी कशी घ्यावी

उन्हाळा तापला की नागपूरच्या पत्रांत ‘उन्हाळी लागली’ ही तक्रार असतेच. यावेळच्या बहुतेक पत्रांत चिठ्ठीवरचं औषधही एकच आहे, नायट्रोफ्युरँटॉइन. १९५० च्या दशकापासून वापरात असलेलं हे औषध रक्तात किंवा शरीराच्या इतर भागांत फारसं साठत नाही. किडनी ते गाळून लघवीत सोडते आणि मूत्राशयातल्या लघवीत ते जंतू मारतं. खालची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीतूनच निघतात.

प्रश्न: जळजळ आणि वारंवार लघवी होत असल्यामुळे डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन एसआर १०० दिवसातून दोनदा, ५ दिवस लिहून दिलं. दुकानात एसआर नव्हतं म्हणून साधी १०० ची कॅप्सूल मिळाली. सोबत लघवी थंड करणारं सिरप आहे. दोन दिवसांपासून मळमळतं आहे आणि लघवी गडद पिवळी-तपकिरी होते. गोळी बंद करावी का? (वय ३४, महाल)

रंगाला घाबरू नका. औषध लघवीत उतरतं, त्याचाच तो रंग आहे. कोर्स संपला की जातो.

खरी अडचण कॅप्सूलची आहे. एसआर म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी, म्हणून ती १२ तासांनी एकदा पुरते. साध्या प्रकाराचा डोस सहसा ५० ते १०० मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा असतो. साधी कॅप्सूल दोनदाच घेतली तर मधल्या तासांत लघवीत औषध कमी पडतं आणि उरलेले जंतू पुन्हा वाढतात. वेळा मनाने बदलू नका. डॉक्टरांना फोन करून दुकानातून नेमकं काय मिळालं ते सांगा, किंवा दुसऱ्या दुकानातून एसआर आणा. ही गोळी फोडायची, चावायची किंवा कुटायची नाही.

सिरपच्या बाटलीवर डायसोडियम हायड्रोजन सिट्रेट किंवा पोटॅशियम सिट्रेट लिहिलंय का, ते बघा. या सिरपने लघवीची आम्लता कमी होते, जळजळही थोडी कमी वाटते. पण नायट्रोफ्युरँटॉइनचा जोर आम्ल लघवीत जास्त असतो. म्हणजे आराम वाटत राहतो आणि औषध मात्र कमकुवत होतं. ही जोडी चिठ्ठ्यांवर सर्रास दिसते. आमच्या मते कोर्स चालू असेपर्यंत सिरप बाजूला ठेवावं, पण आधी डॉक्टरांना विचारा. मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट असलेलं ॲसिडिटीचं औषधही टाळा, कारण त्यामुळे गोळी पोटातून नीट शोषली जात नाही.

मळमळ बहुधा रिकाम्या पोटी घेतल्यामुळे होते आहे. दोन घास खाऊन घेणं पुरेसं नाही, गोळी जेवणाच्या मध्ये किंवा जेवण संपता संपता घ्या. एसआर मिळाली तर सकाळी ९ ला पोह्यांबरोबर आणि रात्री ९ ला पोळी-भाजीबरोबर, असं ठरवून टाका. अन्नामुळे मळमळ कमी होते आणि औषधही जास्त शोषलं जातं. उपवास असेल तर भगर किंवा दुधाबरोबर घेतली तरी चालते.

पुढचे दोन दिवस लक्ष ठेवा. सहसा ४८ तासांत जळजळ उतरू लागते. नाही उतरली तर परत दाखवा. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखणं किंवा उलट्या होऊ लागल्या तर ४८ तासही थांबू नका. संसर्ग किडनीपर्यंत गेल्याची ती खूण आहे आणि हे औषध किडनीच्या आत पुरेसं पोचत नाही. तिथे दुसरं औषध, कधी इंजेक्शन लागतं. त्या वेळी मेडिकल, मेयो, एम्स किंवा जवळचं रुग्णालय गाठा, रात्र असली तरी.

प्रश्न: आईचं वय ७२. मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड ही साखर कमी करणारी गोळी चालू आहे. क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी) १.५ आहे, ‘थोडंसंच वाढलंय’ असं लॅबवाले म्हणाले. मागच्या वेळच्या नायट्रोफ्युरँटॉइनच्या चार गोळ्या घरात आहेत, त्या देऊ का? (मानेवाडा)

देऊ नका. चार गोळ्या म्हणजे पूर्ण कोर्सही नाही आणि मागचा जंतू तोच यावेळी असेल असंही नाही.

‘थोडंसंच’ या शब्दावर तर मुळीच विसंबू नका. ७२ वर्षांच्या स्त्रीचं क्रिएटिनिन १.५ असेल तर ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, साधारण ३७ येतो. किडनीची गाळण्याची क्षमता कमी असली की औषध लघवीत पुरेसं उतरत नाही आणि रक्तात रेंगाळून हातापायांच्या नसांना त्रास देऊ शकतं. ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर हे औषध टाळतात. ३० ते ४५ च्या दरम्यान दुसरा चांगला पर्याय नसेल तरच, थोड्या दिवसांसाठी आणि डॉक्टरांच्या नजरेखाली देतात. वजन, वय आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट घेऊनच जा.

पर्यायी औषधांतही ग्लिमेपिराइडचा विचार करावा लागतो. को-ट्रायमोक्साझोल किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या अँटिबायोटिकबरोबर साखर अचानक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ दिसला तर लगेच साखर तपासा. आई रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेत असतील तर को-ट्रायमोक्साझोलमुळे पोटॅशियमही वाढू शकतं. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी चालू असेल तर जळजळ बुरशीची असू शकते. खाज आणि पांढरा स्राव आहे का, तेही डॉक्टरांना सांगा. बुरशीवर अँटिबायोटिक चालत नाही.

प्रश्न: लघवीच्या तपासणीत पस सेल (पू-पेशी) ८-१० आले. त्रास काहीच नाही. गोळी सुरू करू का? (वर्धमाननगर)

नाही. त्रास नसताना लघवीत पस सेल किंवा जंतू सापडले म्हणून बहुतेकांना उपचार लागत नाही. गर्भवती स्त्रिया आणि मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया व्हायची असलेले रुग्ण हे मुख्य अपवाद. गर्भवतीत त्रास नसला तरी कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघण्याच्या तपासणीत, जंतू आले तर उपचार करतात. मात्र नायट्रोफ्युरँटॉइन शेवटच्या आठवड्यांत, बाळंतपण जवळ आलं असताना टाळतात, कारण नवजात बाळाच्या तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो. किती आठवडे झालेत हे डॉक्टरांना आणि औषधवाल्याला, दोघांनाही सांगा.

प्रश्न: कल्चरसाठी घरून लघवी नेली तर चालते का? (नंदनवन)

चालते, पण नागपूरच्या दुपारी डबी स्कूटरच्या डिकीत ठेवली तर रिपोर्ट खोटा येतो. उष्णतेत जंतू वाढतात आणि थोडेसे असले तरी खूप दिसतात. लॅबची निर्जंतुक डबी घ्या, जागा पाण्याने धुवा, पहिली धार सोडून मधली धार धरा, झाकणाच्या आत बोट लावू नका. दोन तासांत पोचवा, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवून बर्फाच्या पिशवीसोबत न्या. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे नमुना गोळीच्या पहिल्या डोसआधीच द्यायचा. रिपोर्टला सहसा दोन-तीन दिवस लागतात, तोवर डॉक्टर औषध सुरू करतील. रिपोर्ट आला की तो त्यांना दाखवायला विसरू नका. आपल्याकडे ई. कोलाय या लघवीच्या संसर्गातल्या नेहमीच्या जंतूवर सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी औषधं बऱ्याचदा चालेनाशी झाली आहेत, म्हणून हा कागद कामाचा असतो.

गोळ्यांनाही उन्हापासून जपा. स्ट्रिप फोडून डबीत काढू नका आणि गाडीत ठेवू नका.

प्रश्न: आमच्या घरात सिकलसेल आहे. हे औषध चालेल का? (गोंदियाहून नागपुरात आलेले वाचक)

सिकलसेलचा वाहक असणं एवढ्यानेच हे औषध बंद होत नाही. विचारायचा प्रश्न जी-६-पीडी या एन्झाइमच्या कमतरतेचा आहे. ती वेगळी स्थिती आहे, सिकलसेलच्या तपासणीतून कळत नाही, पण रक्ताच्या साध्या चाचणीत कळते. ही कमतरता असलेल्या व्यक्तीच्या तांबड्या पेशी नायट्रोफ्युरँटॉइनमुळे फुटू शकतात. लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची होणं, डोळे पिवळे पडणं, धाप, अतिथकवा ही त्याची लक्षणं. कोर्समधला नेहमीचा गडद पिवळा रंग वेगळा. शंका आली तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न: संसर्ग वारंवार होतो म्हणून रोज रात्री एक गोळी सहा महिन्यांसाठी सांगितली आहे. धोका काय? (धरमपेठ)

पाच दिवसांच्या कोर्सपेक्षा इथे सावध राहावं लागतं. कोरडा खोकला, जिना चढताना नव्याने लागणारी धाप, पायांच्या बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा, काविळीची लक्षणं, यांपैकी काहीही दिसलं तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना भेटा. फुप्फुसाचा त्रास सुरुवातीच्या दिवसांत तापासह येऊ शकतो, तसा काही महिन्यांनी हळूहळूही. लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या अधूनमधून करायच्या, त्यांच्या तारखा आत्ताच ठरवून घ्या. एखादा डोस राहिला तर आठवेल तेव्हा घ्या, पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, पण दोन एकदम घेऊ नका. औषधाचा काही विपरीत परिणाम झाला तर शासनाच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही तो कळवता येतो.