रस्ते सुरक्षेसाठी जनजागृतीची खरोखर गरज आहे, की दंड वाढवणे पुरेसे आहे?

दंड भरमसाट वाढवूनही अपघात कमी होत नाहीत, मग फलक आणि घोषवाक्यांनी काय साधणार, असा तुमचा प्रश्न आहे. मी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात राहतो, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि घरची थोडी उसाची शेतीही पाहतो. या तिन्ही गोष्टींचा उत्तराशी संबंध आहे, म्हणून आधीच सांगितल्या.

दंडाविषयी तुमचे निरीक्षण बरोबर आहे. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर मद्यपान करून वाहन चालवताना पहिल्यांदा सापडल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला पंचवीस हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही 2022 या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसे दगावली; त्यांत हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले मिळून पन्नास हजारांहून अधिक होते. दंडाचा धाक पोलीस उभा असेल तेवढ्याच अंतरापुरता चालतो. आमच्याकडची तरुण मुले हेल्मेट कोपरात अडकवून निघतात, ठरावीक चौक आला की ते डोक्यावर चढते आणि चौक ओलांडला की पुन्हा कोपरात जाते. रात्री दहा वाजता पलूस–तासगाव रस्त्यावर तर चौकही नसतो आणि पोलीसही नसतो. तिथे माणसाला जे ठाऊक असेल तेवढेच त्याच्या उपयोगी पडते, आणि माझा अनुभव असा की आपल्याला फारच थोडे ठाऊक असते.

काही वर्षांपूर्वी, गळीत हंगाम ऐन भरात असताना, आमच्याच शेतातला ऊस भरून निघालेल्या दोन ट्रॉल्यांपैकी मागच्या ट्रॉलीचा टायर फुटला. चालकाने ती रस्त्याच्या कडेला सोडली आणि पुढची ट्रॉली घेऊन तो कारखान्याकडे गेला. जाण्यापूर्वी आम्ही दोघांनी मिळून मागच्या बाजूला सात-आठ मोठे दगड ओळीने मांडले, वर बाभळीची एक फांदी ठेवली आणि मी निर्धास्त मनाने जेवायला घरी आलो. दुसरी पाळी संपवून परतणारा शेजारच्या गावचा एक मुलगा अंधारात त्या दगडांवर आदळला. ट्रॉलीपर्यंत तो पोहोचलाही नाही. सावधगिरीसाठी म्हणून मी स्वतःच्या हातांनी ठेवलेल्या दगडानेच त्याला पाडले. गळ्याचे हाड मोडले, जबड्याला मार लागला आणि तीन महिने त्याचा रोजगार बुडाला. सगळे म्हणाले, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. ते ऐकून मला बरे वाटले, हे मी आज कबूल करतो, कारण एकदा काळावर ढकलले की दगड कोणी ठेवले हे विचारायला कोणी उरत नाही. दुसऱ्या दिवशी ट्रॉली निघून गेली, पण दगड दुपारपर्यंत तिथेच होते. ते मी उचलले, तेही कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर माझीच गाडी त्यांच्यावर जाता जाता राहिली म्हणून.

त्यानंतर मी नववीच्या वर्गात फळ्यावर साधे गणित मांडले. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर पुढे जाते. समोरची वस्तू दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर 25 मीटर तिथेच संपतात, आणि कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही पूर्ण थांबायला आणखी सुमारे 20 मीटर लागतात. म्हणजे एकंदर 45 मीटर झाले. मग एका संध्याकाळी अंधार पडल्यावर मुलांना मैदानावर नेले, एका टोकाला मातकट गोणपाट टांगले आणि मोटरसायकलचा दिवा डिपरवर ठेवून ते कुठून दिसते हे पाहायला सांगितले. बहुतेकांना ते चाळीस पावलांच्या आत आल्यावरच ओळखू आले. त्याच गोणपाटावर रिफ्लेक्टरची लाल पट्टी चिकटवली, तर मैदानाच्या दुसऱ्या टोकावरूनही ती लखलखत होती. त्या मुलांपैकी निम्म्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे, पण धुळीने माखलेली ट्रॉली मागून येणाऱ्याला थांबण्याइतक्या अंतरावरून दिसतच नाही, ही गोष्ट कोणाच्याही घरी कधी बोलली गेली नव्हती. (गाण्यांच्या मोठाल्या स्पीकरसाठी ट्रॅक्टरवर हौसेने वायरिंग केले जाते; मागच्या ट्रॉलीच्या दिव्यासाठी मात्र वायर पुरत नाही.) मला अभिप्रेत असलेली जनजागृती ती हीच. जानेवारीतल्या सुरक्षा सप्ताहात मुलांना उन्हातून फेरी मारायला लावणे आणि पाहुण्यांच्या हस्ते गुलाबाची फुले वाटणे यातून कोणाला नवे काही कळते, असे मला आजवर आढळलेले नाही.

दुसरे अज्ञान याहून महाग पडते. तो मुलगा पडल्यावर दोन गाड्या थांबल्या, त्यांतल्या लोकांनी पाहिले आणि ते पुढे गेले. शेवटी दूध संकलनाच्या टेम्पोवाल्याने त्याला उचलून दवाखान्यात नेले. पुढे गेलेल्यांपैकी एक जण माझ्या ओळखीचा निघाला. तो दुष्ट माणूस नाही, त्याला फक्त पोलिसांचे लचांड मागे लागेल अशी भीती वाटली. वास्तविक जखमीला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि 2019 च्या दुरुस्तीने कलम 134 अ घालून त्यांना कायद्याचे बळ दिले. मदत करणाऱ्याला स्वतःचे नाव-पत्ता सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. 108 वर फोन करून निघून गेले तरी चालते. शिवाय मे 2025 पासून अपघातग्रस्ताला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची योजना लागू आहे. जखमीला न्यायचे कुठे आणि पैसे कोण भरणार या विचारात पहिला तास घालवणाऱ्या माणसाला दंडाची कोणतीही रक्कम ही माहिती देऊ शकत नाही.

जनजागृतीने सर्वच अपघात टळतात, असे मात्र मी म्हणणार नाही. साताऱ्याकडून पुण्याला जाताना खंबाटकी बोगद्यानंतर येणाऱ्या वळणाने इतके बळी घेतले की अखेर पर्यायी बोगदे खोदावे लागले. रस्त्याचा दोष चालकाच्या शहाणपणाने भरून निघत नाही, तो रस्ता बांधणाऱ्यांनीच दुरुस्त केला पाहिजे. पण उभी ट्रॉली, कोपरातले हेल्मेट आणि रस्त्यात राहिलेले दगड यांसाठी आम्हाला कोणत्याही निविदेची वाट पाहावी लागत नाही.

आता आमच्या शेतातून ट्रॉली निघण्यापूर्वी मी मागे जाऊन उभा राहतो. लोंबणारे वाढे, म्हणजे उसाचा पानांसकटचा शेंडा, रिफ्लेक्टरच्या पट्टीवर येत असेल तर कोयत्याने छाटायला लावतो आणि ओल्या फडक्याने पट्टी पुसतो. ऊसतोड टोळीचा मुकादम याला मास्तरांची पूजा म्हणतो आणि हसतो. गेल्या हंगामात मला यायला उशीर झाला, तेव्हा फडके मात्र त्याच्याच हातात होते.