विचारा काकूंना : उधार म्हणजे डेबिट, मग उधारी क्रेडिट कशी?

प्रश्न : काकू नमस्कार, मी दांडिया बाजारात राहते. बारावी कॉमर्स गुजराती मिडियममधून झाली, आता बी.कॉम.च्या पहिल्या सेमिस्टरला आहे आणि इथे सगळं इंग्लिशमध्ये. गुजरातीत डेबिटला उधार म्हणायचो, घरी आई उधार म्हणते ती किराणावाल्याची, आणि सर त्यालाच क्रेडिट परचेस म्हणतात, मग उधार म्हणजे नक्की काय?? त्यात मोबाईलवर बँकेचा मेसेज येतो २,००० क्रेडिटेड म्हणजे पैसे आले, आणि वर्गात शिकवतात पैसे आले की कॅश डेबिट. गोल्डन रूल्स (कुठलं खातं कधी डेबिट, कधी क्रेडिट ते सांगणारे नियम) तोंडपाठ आहेत पण गणित समोर आलं की हात थांबतो, आणि वर्गात विचारलं तर सगळे हसतील. बाबा म्हणतात जमत नसेल तर सोड आणि बी.ए. कर.
– गोंधळलेली, वडोदरा

उत्तर : अगं, बाबांना म्हणावं एवढ्यात फॉर्म आणू नका. तीन भाषांचं कालवण झालंय ताटात, बाकी काही बिघडलेलं नाही. मी रावपुऱ्यात एका पेढीवर बावीस वर्षं नामं, म्हणजे हिशेबाच्या वह्या, लिहिल्या, तिथे गणपतीच्या सुट्टीत कॉलेजची पोरं शिकायला यायची आणि दर वर्षी एक तरी हेच विचारायचं.

आता नीट बघ. तुझी आई शेजारच्या काकूंना दोन किलो चकली देते, पैसे नंतर मिळणार, तेव्हा ती काय म्हणते? "काकूंच्या नावे लिहून ठेव." झालं, हेच डेबिट. मराठीत डेबिटला नावे म्हणतात ते इथूनच, आणि गुजराती उधार पण तेच, काकूंच्या खात्यावर उधार. म्हणजे घरची उधारी आणि शाळेतलं उधार भांडत नाहीयेत, तू फक्त कोणाच्या वहीत आणि कोणाच्या नावे हे विचारायचं विसरतेस. आई किराणावाल्याकडून बेसन उधार आणते तेव्हा त्याच्या वहीत आई नावे, आपल्या वहीत तो जमा, म्हणजे क्रेडिट, आणि खरेदी नावे. सरांच्या क्रेडिट परचेसमधल्या क्रेडिटचा अर्थ एवढाच की पैसे नंतर द्यायचेत, बाजू कुठली ते त्या शब्दावरून ठरवायला गेलीस की फसलीस.

बँकेचा मेसेज पण असाच, तो बँकेच्या वहीतून आलेला असतो. तू २,००० भरलेस म्हणजे बँक तुझं देणं लागते, म्हणून तिच्याकडे तू जमा. तुझ्या वहीत बँकेचं खातं नावे. पासबुक वाचताना आपण दुसऱ्याची वही वाचतोय एवढं लक्षात ठेव. (आजोबांचा जुना लाल चोपडा घरात सापडला तर मात्र दचकू नकोस, देशी पद्धतीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे असायचं, कॉलेजात बरोब्बर उलट.)

गोल्डन रूल्स पाठ करणं थांबव आता. आई दिवाळीचा फराळ करून विकत असेल, नसेल तर मामीचं कोणाचं बघ, आणि एक महिना त्या धंद्याची वही लिही. कढई ३,८०० ला आणली, ती खर्चात घालू नकोस, ती वर्षानुवर्षं चालणार, म्हणून मालमत्ता आणि दर वर्षी थोडा घसारा, म्हणजे वापराने तिची किंमत घटते तेवढा. तेल लगेच संपतं, तो खर्च. आईने डब्यातले ५०० घरच्या गॅसला दिले की आई म्हणेल माझेच तर पैसे, पण वहीत धंदा वेगळा आणि आई वेगळी, ते ५०० आईच्या नावे उचल म्हणून जातात, इंग्लिशमध्ये ड्रॉइंग्ज. यावर आईशी वाद होणार, होऊ दे, तो वाद एकदा झाला की तो धडा परत वाचावा लागत नाही.

वहीच्या मागे गुजराती, मराठी, इंग्लिश असे तीन रकाने कर, शब्द शेजारी शेजारी दिसले की भीती जाते. आमनोंध, रोजकीर्द, जर्नल. काचुं सरवैयुं, तेरीज, ट्रायल बॅलन्स. पाकुं सरवैयुं, ताळेबंद, बॅलन्स शीट. घसारा गुजरातीत घसारोच, तेवढं एक तरी सोपं.

आणि तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंची बेरीज, जुळली नाही की रडत बसायचं नाही, फरक बघायचा. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर बहुतेक आकडे उलटे पडलेत, ५४० चे ४५० झाले की ९० चा फरक. नाही गेला तर फरकाचा अर्धा कर आणि तो आकडा शोध, एखादी रक्कम चुकीच्या बाजूला पडली की फरक दुप्पट दिसतो. पण तेरीज जुळली म्हणजे सगळं बरोबर असंही नसतं हं, एखादा व्यवहार लिहायचाच राहिला तरी ती छान जुळते. आमचे शेठ म्हणून तर जुळलेल्या तेरजेकडे जास्त संशयाने बघायचे!

वर्गातल्या हसण्याचं म्हणशील तर बँकेच्या मेसेजवालीच शंका विचार, अर्ध्या वर्गाला ती पडलेली असते.

प्रश्न : मुलगा बी.कॉम.ला आहे, सोबत सीए फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा, देतो म्हणतो, दोन्ही झेपेल का?
– एक बाबा, मांजलपूर

उत्तर : झेपतं, पण त्याला आकडे समजावून सांगा. चार पेपर, प्रत्येकी १००. प्रत्येकात ४० हवेत आणि एकूण ५० टक्के, म्हणजे चारही ठिकाणी काठावर ४० पडले तर १६० होतात आणि लागतात २००. अकाउंट्स आणि लॉ लिहून द्यायचे असतात, मॅथ्स आणि इकॉनॉमिक्स टिकमार्कचे, त्यात चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात, अंदाजपंचे टिका मारणारा मुलगा असेल तर तिथेच जातो. अकाउंट्स आणि इकॉनॉमिक्स कॉलेजलाही असतात, ते एकदाच नीट करावेत. लॉचा पेपर हिंदी किंवा इंग्लिशमध्येच लिहावा लागतो, गुजरातीतून शिकलेला असेल तर आत्तापासून रोज एक पान लिहायला बसवा.