हिस्टेरिया हा खरंच आजार होता, की बायकांना गप्प बसवायला काढलेलं नाव?

तुम्ही लिहिलंय की मावशीच्या जुन्या फाइलवर 'हिस्टेरिया' असं निदान आहे, तिला फिट्स यायच्या, घरातले म्हणायचे नाटक करते, तर हा आजार खरा होता का. मी न्यूरोलॉजी वॉर्डला स्टाफ नर्स आहे, हा विषय माझ्या फार जवळचा आहे त्यामुळे उत्तर जरा लांबेल. आधी सरळ सांगते, मावशीचा त्रास खराच असणार. फिट येते, पाय लुळा पडतो, वाचा बसते, हे सगळं खरोखर होतं. त्याला जे कारण चिकटवलं जायचं ते मात्र शतकानुशतकं चुकत आलं.

जुनी समजूत अशी की सगळ्याचं मूळ गर्भाशय. इजिप्तमधल्या काहूनला सापडलेल्या जवळपास ३८०० वर्षांपूर्वीच्या पपायरसात (वनस्पतीपासून केलेल्या कागदावरचा लेख) बाईचे डोळे दुखले तरी दोष गर्भाशयाला आणि उपाय म्हणून धुरी. ग्रीक वैद्यांना वाटायचं गर्भाशय अंगात फिरतं, मग ते खाली आणायला नाकाशी घाणेरडा वास धरायचे आणि खाली सुगंधी धुरी द्यायचे, आणि कायमचा इलाज म्हणजे लग्न करून द्या, मूल होऊ द्या. "लग्न झालं की होईल बरं" हे मला वॉर्डात आजही नातेवाईकांकडून ऐकू येतं आणि दर वेळी तेवढाच राग येतो.

१९व्या शतकात तर हात थेट सुरीवर गेला. लंडनचा आयझॅक बेकर ब्राउन हिस्टेरिया आणि फिट्सवर उपाय म्हणून बायकांचं क्लिटोरिस कापायचा, १८६७ मधे त्याला तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या सोसायटीतून काढलं. अमेरिकेत रॉबर्ट बॅटीने १८७२ पासून धडधाकट ओव्हरीज (अंडाशय) काढायला सुरुवात केली आणि ते ऑपरेशन बॅटीच्या नावाने चाललं. नेटवर एक किस्सा फिरतो ना, की डॉक्टर हिस्टेरियावर व्हायब्रेटर वापरायचे, त्याला काही पुरावा नाही, तो सोडून द्या. जे खरंच झालं ते पुरेसं भयंकर आहे.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते पॅरिसबद्दल. तिथे साल्पेत्रिएर नावाचं गरीब बायकांचं प्रचंड हॉस्पिटल होतं आणि झां-मार्तें शार्को हा तिथला नामांकित न्यूरोलॉजिस्ट. पेशंटना लेक्चरला आणून लोकांसमोर हिप्नोटाइज करायचे, झटका आणून दाखवायचे, बाहेरचे लोकही बघायला यायचे. १८७५ मधे ऑगस्टीन नावाची चौदा वर्षांची मुलगी तिथे आली. आई ज्याच्याकडे कामाला होती त्या माणसाने तिच्यावर बलात्कार केला होता, आणि झटक्यात ती जे ओरडायची त्यात तोच प्रसंग यायचा. डॉक्टरांना हे माहीत होतं, त्यांनी तिच्या केस पेपरात ते व्यवस्थित लिहून ठेवलंय! आणि तरी त्यांनी काय केलं, तर तिच्या झटक्यांचे फोटो काढले, प्रत्येक पोझला नाव दिलं, पुस्तकात छापले. १८८० मधे ती पुरुषाचे कपडे घालून तिथून पळाली. सगळं समोर लिहिलेलं असताना कुणाला ते कारण वाटलं नाही, हे वाचून मी कितीतरी वेळ सुन्न होते.

शार्कोला श्रेय द्यायचं तिथे देते, तो म्हणाला हा मज्जासंस्थेचा आजार आहे आणि पुरुषांनाही होतो, कामगारांच्या, रेल्वे अपघातातल्या माणसांच्या केसेस त्याने छापल्या. पण झटका थांबवायला बायकांच्या ओव्हरीजवर दाब देणारा पट्टाही त्याच्याच वॉर्डात वापरायचे. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड १८८५ मधे त्याच्याकडेच शिकायला गेला, पुढे १८९५ मधे ब्रॉयर या डॉक्टरबरोबर हिस्टेरियावर पुस्तक काढलं, तेव्हा कुठे पेशंटचं बोलणं हाच उपचार ही कल्पना पुढे आली.

मावशीच्या फाइलसाठी महत्त्वाचं ते आता. लंडनचे सायकियाट्रिस्ट एलियट स्लेटर यांनी १९५० च्या दशकात हिस्टेरिया निदान झालेल्या ८५ पेशंटचं पुढे काय झालं ते शोधलं आणि १९६५ मधे छापलं, तर त्यातल्या बऱ्याच जणांना नंतर मेंदूचा किंवा शरीराचा दुसरा आजार निघाला, काही तर गेलेले होते. एकदा तो शिक्का बसला की पुढे कोणी शोधतच नाही, खरं नुकसान तिथे होतं. १९८० मधे अमेरिकन सायकियाट्रीच्या मॅन्युअलमधून हिस्टेरिया हे निदान गेलं, पण आपल्याकडे कॅज्युअल्टीत तरुण मुलगी बेशुद्ध आली की अजून कोणीतरी 'हिस्टेरिकल' म्हणतंच.

आता याला फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डर म्हणतात. फरक हा की रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून हे निदान करत नाहीत, तपासणीत ठरावीक खुणा शोधतात, उदाहरणार्थ लुळा वाटणारा पाय पेशंटने मुद्दाम दाबला तर जोर लागत नाही पण दुसरा पाय उचलायला सांगितला की तोच आपोआप खाली दाबला जातो. पेशंट फसवत नसतो, मेंदूकडून हालचालीचा हुकूम नीट पोचत नसतो.

मावशीला अजून फिट येत असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, डोळे उघडे होते की मिटलेले, किती मिनिटं चाललं ते लिहून ठेवा आणि न्यूरोलॉजिस्टला दाखवा, गरज वाटली तर ते व्हिडिओ ईईजी (व्हिडिओ काढता काढता मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) करतील. कुशीवर वळवा, कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. आणि फिटच्या गोळ्या चालू असतील तर हे उत्तर वाचून बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.