प्रॉडक्ट कंपनीत मॅनेजर डोक्यावर बसत नाहीत, हे खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात एका सर्व्हिस कंपनीत (दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या) सात वर्षं झाली, आता स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका मोठ्या अमेरिकन प्रॉडक्ट कंपनीच्या हैदराबाद ऑफिसची ऑफर आहे, आणि तिथे मॅनेजर डोक्यावर बसत नाहीत असं ऐकलंय. मी अशाच एका कंपनीत नऊ वर्षं होतो. पाच वर्षं इंजिनिअर, चार वर्षं मॅनेजर. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तिथे माझे मित्र अजून आहेत आणि थोडे शेअर्सही.

ऐकलंय ते खरं आहे. कुणी टाइमशीट मागत नाही, किती वाजता आलात ते बघत नाही, आणि डायरेक्टरला 'सर' म्हटलंत तर तोच ओशाळतो. सर्व्हिसमधून आलेल्याला पहिले काही महिने अगदी सुट्टी लागल्यासारखं वाटतं. माझंही तसंच झालं. मग वर्षभराच्या कामाचं पहिलं रेटिंग आलं आणि पाय जमिनीवर आले.

तुमचं रेटिंग एकटा मॅनेजर ठरवत नाही. तो फक्त प्रस्ताव मांडतो. मग सात-आठ मॅनेजर एका खोलीत बसतात, समोर पन्नासेक नावांची एक्सेल शीट असते, आणि प्रत्येक नावावर चर्चा होते. याला कॅलिब्रेशन म्हणतात. त्या खोलीत तुम्ही नसता. तुमच्याबद्दल बोलायला तुमचा मॅनेजर असतो आणि त्याच्याकडे जेमतेम दोन-तीन मिनिटं असतात.

मॅनेजर झाल्यावर माझं पहिलं कॅलिब्रेशन होतं. माझ्या टीममध्ये एक मुलगी होती, आमची पेमेंटची सिस्टिम तिच्याकडे होती. वर्षभरात ती सिस्टिम एकदाही पडली नाही. मी तिला वरचं रेटिंग सुचवलं होतं. समोरच्या मॅनेजरने विचारलं, "तिने या वर्षी केलं काय?" मी म्हणालो, "काही बिघडू दिलं नाही." खोलीत शांतता. मग तो म्हणाला, "म्हणजे काही घडलंच नाही." सगळे हसले, मीही हसलो. तिने आधीच्या वर्षी कोणते अलार्म बसवले, कुठला जुना कोड काढून टाकला, त्यामुळे किती रात्री वाचल्या, याची एकही नोंद माझ्याकडे नव्हती. नाव एक रकाना खाली सरकलं. दहा मिनिटांनी एका दुसऱ्या मुलाचं नाव आलं. त्याने दिवाळीच्या सेलमध्ये बंद पडलेली सिस्टिम रात्रभर जागून उभी केली होती. त्याला वरचं रेटिंग मिळालं. ती बंद पडली होती त्याच्याच चुकीमुळे, हे त्या खोलीत कुणी काढलं नाही.

त्याहून वाईट काम पुढच्या आठवड्यात होतं. खोलीत काय झालं ते सांगायची परवानगी नसते. मग रेटिंगला शोभेल असं कारण शोधून मी तिला सांगितलं, "तुझी व्हिजिबिलिटी थोडी कमी पडतेय." तिने शांतपणे ऐकलं, वहीत लिहूनही घेतलं. सात महिन्यांनी तिने राजीनामा दिला. त्यानंतर मी टीममधल्या प्रत्येकाची एक फाइल ठेवू लागलो आणि दर शुक्रवारी त्यात दोन ओळी लिहू लागलो.

या पद्धतीचं मूळ जुनं आहे. 1980च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्श यांनी लोकांची 20-70-10 अशी वाटणी लोकप्रिय केली: वरचे 20 टक्के, मधले 70, आणि तळातल्या 10 टक्क्यांना बाहेरचा रस्ता. मायक्रोसॉफ्टमध्ये अशीच सक्तीची वाटणी बरीच वर्षं होती. तिथल्या लोकांची तक्रार अशी की हुशार माणसं दुसऱ्या हुशार माणसांच्या टीममध्ये जायला कचरायची, कारण तिथे कुणीतरी खाली जाणारच. नोव्हेंबर 2013मध्ये त्यांनी ती बंद केली, त्यानंतर तीनच महिन्यांत सत्या नाडेला सीईओ झाले. आता बऱ्याच कंपन्या सांगतात की आमच्याकडे बेल कर्व्ह, म्हणजे ठरावीक टक्के लोक वर आणि ठरावीक टक्के खाली अशी वाटणी, नाही. कागदावर नसेलही. पण बोनसची रक्कम आधीच ठरलेली असते, ती सगळ्यांना भरभरून पुरत नाही, आणि मग आमच्यासारखे मॅनेजर कुरकुरत तोच कर्व्ह पुन्हा काढतात.

म्हणजे मॅनेजर नसते तर बरं, असं नाही. गूगलने सुरुवातीच्या काळात इंजिनिअरिंगमधले मॅनेजर काढून टाकायचा प्रयोग केला होता. काही महिन्यांत तो गुंडाळला, कारण लोक खर्चाची बिलं आणि आपापली भांडणं घेऊन थेट लॅरी पेज यांच्याकडे जाऊ लागले. पुढे 2009च्या सुमारास त्याच कंपनीने चांगला मॅनेजर कशाने होतो याचा अभ्यास केला. आठ गुण निघाले. पहिला, माणसाला शिकवत घडवणं. तांत्रिक ज्ञान आठव्या नंबरावर. इंजिनिअर मंडळींना हे फारसं पचलं नसणार.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडेल. सर्व्हिसमध्ये प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ती चालू सिस्टिम, पडलं की पहिला मेल 'कुणी केलं?' असा येतो आणि सीसीमध्ये अर्धं गाव असतं. इथे घटनेचा अहवाल लिहितात त्यात माणसाचं नाव नसतं. चूक करणं इतकं सोपं कसं राहिलं, हे विचारतात. मी स्वतः एकदा चुकीच्या डेटाबेसवर कमांड चालवली होती. संध्याकाळी डायरेक्टरने चहा पाजला आणि विचारलं, "ती कमांड तुला चालवताच कशी आली?" ही पद्धत सगळ्या टीम्समध्ये इमानदारीने पाळतात असं नाही, पण जिथे पाळतात तिथे झोप लागते.

झोपेवरून आठवलं. टीमचं मुख्यालय सिएटलला असेल तर फरक उन्हाळ्यात साडेबारा तासांचा आणि हिवाळ्यात साडेतेरा तासांचा. मीटिंग रात्री नऊला, आणि निर्णय बहुतेक वेळा तुम्ही झोपल्यावर त्यांच्या कॉरिडॉरमध्ये. ऑन-कॉलची पाळी, म्हणजे सिस्टिम पडली की कधीही धावायची जबाबदारी, किती आठवड्यांनी येते ते आधी विचारून घ्या.

आणि मॅनेजर कितीही चांगला असला तरी त्याच्या हातात काय नसतं तेही माहीत असू द्या. 20 जानेवारी 2023ला गूगलने 12,000 लोक कमी करायचं जाहीर केलं, तेव्हा अमेरिकेतल्या अनेकांना लॉगिन चालेना म्हणून कळलं. कित्येक मॅनेजरनासुद्धा आपल्या टीममधलं कोण गेलं ते त्याच सकाळी समजलं.

मॅनेजरशी एकट्याने होणाऱ्या वन-ऑन-वन मीटिंगची अर्धी-पाऊण तासाची वेळ 'काय झालं, काय राहिलं' यात घालवू नका, ते टिकेटवर, म्हणजे कामाच्या ऑनलाइन नोंदीत, दिसतंच. त्याऐवजी विचारा, "त्या खोलीत माझ्याबद्दल तीन वाक्यं बोलायची वेळ आली तर आज तुम्ही काय बोलाल?" पहिल्यांदा विचारताना जीभ अडखळेल. मॅनेजर अडखळला तर ती वाक्यं तुम्हीच लिहून द्या. हे चमचेगिरी नाही. त्याला दहा जणांचं लक्षात ठेवायचं असतं, आणि तो माझ्यासारखा शुक्रवारी फाइलमध्ये दोन ओळी लिहिणारा असेलच असं नाही.

ऑफर सही करायच्या आधी होणाऱ्या मॅनेजरशी अर्धा तास मागून घ्या, देतात. त्याला विचारा : गेल्या वर्षी तुमच्या टीममध्ये प्रमोशन कुणाला मिळालं आणि नेमकं कशासाठी? उत्तरात रात्रभर जागल्याचीच गोष्ट आली, तर दुसरी टीम आहे का ते रिक्रूटरला विचारून बघा.