छाप्याला जातेयस तर

पोरी,

पोलिसांनी उद्या पहाटे बातमीसाठी छाप्याला सोबत बोलावलंय, असं तू रात्री कळवलंस. जा. पण घर कुणाचं राहतं असेल तर उंबऱ्याबाहेर थांब.

एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये, रॉकव्हिल गावात, पोलीस सकाळी पावणेसातला एका घरात शिरले. ज्याला पकडायचं होतं तो मुलगा तिथे नव्हताच. झोपेतून उठलेल्या बापाला त्यांनी नुसत्या चड्डीवर जमिनीवर दाबून धरलं, आई रात्रीच्या कपड्यांत बाहेर आली, आणि सोबत आणलेला 'वॉशिंग्टन पोस्ट'चा छायाचित्रकार फोटो काढत होता. फोटो कधी छापले गेले नाहीत. तरी खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. पत्रकार असले की पोलिसांवर वचक राहतो, असा युक्तिवाद झाला. १९९९ मध्ये न्यायालयाने तो मानला नाही: हे पत्रकार आपल्या बातमीसाठी आले होते, त्या घरच्यांच्या रक्षणासाठी नव्हे, आणि फोटोही वर्तमानपत्राकडेच राहिले. वॉरंट बजावायला ज्यांची मदत होत नाही त्यांना घरात नेणं घटनेविरुद्ध ठरलं.

मला वचकाचा हा युक्तिवाद फार बोचतो, कारण मीही तो वर्षानुवर्षं स्वतःला ऐकवला. एका लॉजवरच्या छाप्यात मी फोटोग्राफरला घेऊन थेट वर गेले. बायकांनी पदरात तोंडं लपवली. आम्ही तसाच फोटो छापला. आठवड्याने एकीच्या भावाचा फोन आला. साडीवरून गावाने तिला ओळखलं होतं. त्याला काय सांगायचं ते मला सुचलं नाही.

अशा छाप्यांत देहविक्रय करणाऱ्या कुणाचीही ओळख उघड होऊ देऊ नका, मग ती पीडित असो की आरोपी, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये माध्यमांना बजावलं आहे. चेहरा झाकला म्हणजे ओळख झाकली असं नसतं. कपडे, खोली, गावाचं नाव, सगळं वगळ.

तुझी नजर पोलिसांवर असू दे. आपल्याकडे झडतीवर लक्ष ठेवणारा साक्षीदार कायद्यानेच दिलेला आहे: पंच. त्याच भागातले निदान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी हवेत. ते कुठून आले? झडतीच्या आधी आले की नुसत्या सहीपुरते? मुद्देमालाची यादी जागेवर झाली की पोलीस ठाण्यात? तिथे राहणाऱ्याला तिची प्रत मिळाली का? बाईची झडती बाईनेच घेतली का? १ जुलै २०२४ पासून झडतीचं चित्रीकरणही सक्तीचं आहे, तेव्हा त्यांचा कॅमेरा केव्हा सुरू झाला आणि केव्हा बंद, तेही बघ. अनैतिक व्यापाराच्या छाप्यात पंचांपैकी एक तरी बाई असावी लागते आणि पथकात दोन महिला पोलीस.

साहेब आग्रहाने आत बोलावतील, 'चांगली बाइट मिळेल' म्हणतील. नको म्हण. जिन्यात उभी राहा, वही काढ, पोहोचल्याची वेळ लिही. पंच बाहेर पडले की ते कुठे राहतात, एवढं तरी विचार.

परतलीस की फोन कर, मी जागीच असेन.

तुझी ताई